दगड तरंगतो का?

माझ्या आईनं उभ्या जन्मात कुणाच्या बोलण्याला सरळ "व्हय" म्हटलं नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर मात्र ती एकदम गरीब झाली. छावणीजवळच्या दवाखान्यातली पाणचट खिचडी तिनं मुकाट खाल्ली, सुईलाही हात पुढं केला. शहागंजातून भेटायला आलेली मावशी म्हणाली, "लई शहाणी झाली बघ." मला काही चैन पडेना. मी खाटेभोवती येरझारा घालत होते.

आईच्या मनगटाला एक पट्टा बांधला होता. हाताची हालचाल, झोप असं सगळं तो टिपायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याचे आकडे पाहिले. "दिवसाही हात फारसा हलत नाही. हा ऑपरेशननंतर होणारा भ्रम असू शकतो, डोकं ठिकाणावर नसतं," त्या म्हणाल्या. मी भडकले. भ्रम झालेलं माणूस ओरडतं, चादरी ओढतं, एवढं मलाही माहीत होतं.

"गप्प बसवणारा भ्रमही असतो," असं म्हणत त्यांनी आईला विचारलं, "आजी, दगड पाण्यावर तरंगतो का?"

"व्हय."

"रामाच्या नावाचा तरंगतोच की," मावशी घाईनं म्हणाली. मला हसू आलं नाही. आईचे डोळे उघडे होते, पण ती कुठंच बघत नव्हती.

उपचार सुरू झाले. काही दिवसांनी बाईंनी तोच प्रश्न विचारला. आई फणकारली, "तुला मी येडी वाटले का?"

आता ती घरी आहे, रोज भांडते. पण एखाद्या गोष्टीला तिनं लगेच "व्हय" म्हटलं, की मी हातातलं काम टाकून तिच्यासमोर बसते आणि दगडाचं विचारते.