शेजारची वाटी

पाळणाघरातल्या मावशी बोलायला फटकळ, पण हात मऊ. कमरेला कायम नॅपकिन खोचलेला. त्यांनी भरवलेलं मूल सहसा थुंकायचं नाही.

मी पहाटे उठून भात-गाजर शिजवायची, कुस्करायची आणि लेकीच्या स्टीलच्या वाटीत भरून द्यायची. तिच्या शेजारी बसणाऱ्या बाळाची आई बँकेत होती. ती लाल वाटीबरोबर दुकानातल्या बाळांच्या खाण्याच्या पावडरीचा डबा द्यायची. मी नाक मुरडायची, पण रोज मावशींना विचारायचीच, "लाल वाटीवाल्यानं आज नीट खाल्लं का हो?"

एकदा मी लवकर पोचले. लेक तोंड घट्ट मिटून शेजारच्या लाल वाटीकडे टक लावून बसली होती. मावशींनी दोन्ही वाट्यांची अदलाबदल केली. दोघांनी लगेच आ केला.

"मावशी, तिला पावडर भरवताय?"

"छे हो. वाट्या तेवढ्या बदलल्या," मावशी म्हणाल्या. "आतलं मघाशीच बदलून ठेवलं होतं. हिचा भात लाल वाटीत, त्याची पावडर स्टीलच्या. हे रोजचंच आहे. दोघांना शेजारच्याचंच हवं असतं."

"असं का करतात हो?"

मावशींनी लेकीची हनुवटी पुसली.

"ती बँकवालीसुद्धा मला रोज तुमच्याच वाटीचं विचारते. पोरं आयांवर गेलीत."