गिनती

कुठेही शिरला की हा माणूस आधी बोट वर करायचा. तर्जनी जरा वाकडी, ओठ किंचित हलताहेत, आणि समोरच्या प्रत्येकावरून ते बोट फिरून जायचं. मग स्वतःच्या छातीवर एकदा टेकवून म्हणायचा, "गिनती पुरी." त्यानंतरच खाली बसायचा. सोमाटणे फाट्यावरून परंदवडीला जाणारी सहा आसनी रिक्षा असो, लग्नाची पंगत असो की आमच्या घरचा तिघांचा हॉल असो, ह्यात बदल नाही.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, पण मावळात फौजेतून आलेल्या माणसाला गाव परस्पर बढती देऊन टाकतं. त्यामुळे तो मेजर. मी ज्या कारखान्यात काम करतो त्याच्या गेटवर तो सुरक्षारक्षक होता. तुमच्याही ओळखीत असा एखादा मेजर असणारच; मिशा, इस्त्री आणि बूट ह्यांवरून तो लांबून ओळखू येतो.

एकदा कारखान्याची सहल लोणावळ्याला गेली होती. परतताना मेजरनं बसमध्ये बोट फिरवलं आणि थांबला. पुन्हा फिरवलं. "एक जास्त हाय," म्हणाला. आम्ही हसलो. कमी असेल तर काळजी करावी, जास्त असला तर काय बिघडलं? पण मेजर ड्रायव्हरला गाडी हलवू देईना. शेवटी मागच्या सीटवर चिक्कीचा पुडा छातीशी धरून गाढ झोपलेला एक गृहस्थ निघाला. दुसऱ्याच कंपनीच्या सहलीतला. मेजर त्याला हाताला धरून त्याच्या बसपर्यंत पोहोचवून आला. "आपला एक जास्त, म्हंजी कुणाचा तरी एक कमी," एवढंच बोलला.

आता आमचं कसं जमलं ते सांगतो. मी व्हिडिओ गेमचा नादी माणूस. मराठीतून गेमची परीक्षणं करतो, काय चांगलं, काय वाईट, असे व्हिडिओ टाकतो. एकदा शिफ्ट सुटल्यावर गेटपाशी बसची वाट बघत मोबाईलवर एक युद्धाचा गेम पाहत होतो. मागून मेजरचा आवाज आला, "हा पुढचा येडा हाय का? उभ्यानं चाललाय!"

पुढच्या रविवारी दुपारी मेजर आमच्या घरी. बूट दाराबाहेर, टाचा जुळवून. कंट्रोलरला तो रिमोट म्हणायचा.

त्या गेममध्ये चौघांची तुकडी होती, खेळणारा धरून. साथीदारांची नावं विलायती होती, ती मेजरनं पहिल्याच दिवशी रद्द केली. उंच होता तो लंबू, सारखा बोलणारा तो बडबड्या, आणि पाठीवर रेडिओ बांधलेला तो वायरलेस. मी अर्ध्या तासात संपवायचो ती मोहीम त्याला अख्खी दुपार पुरायची. सरपटत जायचा, थांबायचा, ऐकायचा. गोळी म्हणून झाडायचा नाही.

आई वैतागून म्हणायची, "अहो मेजर, लढाई कधी व्हायची तुमची?"

"मावशे, न लढता समदी परत आली तर वाईट हाय व्हय?"

प्रत्येक मोहिमेनंतर तुकडी छावणीत यायची. शेकोटी, भोवती तिघे बसलेले. तिथे खेळायला काही नसतं. आम्ही पोरं तो भाग बटण दाबून पुढे ढकलतो. मेजर मात्र शेकोटीभोवती चक्कर मारायचा, पडद्यावर बोट फिरवायचा, स्वतःच्या छातीवर टेकवायचा. गिनती पुरी. मग चहा.

शेवटच्या मोहिमेत नदीवरचा पूल येतो. वायरलेस पलीकडे थांबतो. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," असं रेडिओवर म्हणतो. पूल उडतो. बाकीचे वाचतात आणि गेम संपतो.

मेजरनं रिमोट खाली ठेवला नाही. तो भाग पुन्हा लावून परत नदीकडे निघाला. त्या बाजूला गेलं की पडद्यावर सूचना येते, हद्द ओलांडू नका. तरी गेलं तर मोहीम फसते आणि सगळं पहिल्यापासून. त्याची मोहीम ती सगळी दुपार फसत राहिली.

"मेजर, गेम संपला तो," मी म्हणालो.

"कुटं संपला? गिनती पुरी झाली न्हाई अजून."

"दुसरा भाग येणार आहे ना. त्यात परत आणतील त्याला."

हे मी आपलं त्याला बरं वाटावं म्हणून बोललो. पण मलाही तसंच वाटत होतं. तेव्हापासून गेटवर माझी बॅग तपासताना मेजरचा एकच प्रश्न, "आला का दुसरा?" दुसरा भाग लांबत गेला. मेजरच्या मिशा पांढऱ्या झाल्या, छातीच्या दुखण्यापायी डॉक्टरनं जिने चढायला बंदी केली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. तो यायचाच, प्रत्येक वळणावर थांबत.

एकदा त्याला विचारलं होतं, की एवढं काय त्या वायरलेसचं. त्यानं कप खाली ठेवला. "नोकरीत येकदा कमी निघाली हुती," म्हणाला. "मीच घेतलेली गिनती." पुढे मी विचारलं नाही.

शेवटी दुसरा भाग आला. मेजर इस्त्रीचा शर्ट घालून आला, हातात पेढ्यांचा पुडा. गेम सुरू झाला आणि मीच आधी ओळखीचे चेहरे शोधू लागलो. काळ पुढे गेलेला, देश वेगळा, तुकडी नवीन. लंबू नाही, बडबड्या नाही.

"येईल, येईल," मेजर मलाच धीर देत होता. "लगेच कसा दावतील?"

कित्येक रविवार तो खेळला. प्रत्येक पडक्या घरात, प्रत्येक बराकीत डोकावून यायचा. रेडिओ खरखरला की हात थांबायचा. शेवटी गेम संपला, बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. ती इंग्रजी नावं मेजर शेवटपर्यंत बघत राहिला. पडदा काळा झाला तेव्हा त्यानं रिमोट टीपॉयवर अलगद ठेवला. इतका हरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"मेजर, व्हिडिओत काय सांगू?"

"चांगलं ते आधी सांग," तो म्हणाला. फौजी माणूस, न्याय सोडणार नाही. "चिखल बेस केलाय. आता बुटाला लागतो, पयल्यात बूट कोरडंच ऱ्हायचं. गवत वाऱ्यानं हलतंय. बंदुकीला वजन आलंय. दुश्मन बी श्याना झालाय, मागनं येतोय." मग थांबला. "पर ह्यात छावणी न्हाई. एक मोहीम झाली की लगीच दुसरी. कोण आलं, कोण ऱ्हायलं, कुनी इचारतच न्हाई. आन् त्याचं तर नाव बी काडलं न्हाई रं कुनी."

मी व्हिडिओत हेच सांगितलं. खाली कुणीतरी लिहिलं, दादा, हा फक्त गेम आहे. मी मेजरला वाचून दाखवलं. तो चिडला नाही.

"व्हय, खेळच हाय. मग खेळात तरी आणायचा हुता."

त्यानंतर त्यानं पहिला भाग पुन्हा लावायला सांगितला. पहिल्यापासून सावकाश खेळत शेवटच्या मोहिमेच्या आधीच्या छावणीपर्यंत आला. शेकोटी, तिघे बसलेले. बोट फिरवलं, छातीवर टेकवलं.

"हितंच थांबू," म्हणाला. "ठिवता येतं का हे असंच?"

मी सेव्ह करून दिलं. पुढे मेजर यायचा तो फक्त ते बघायला. मी छावणी लावायचो, तो चहा प्यायचा. बडबड्या तीच तीच बडबड करायचा आणि मेजर गालात हसायचा. मला इतक्या गेमनी आनंद दिला, पण त्या काही न घडणाऱ्या दुपारींइतका कशानंच नाही.

हिवाळ्यात एका सकाळी गेटवर माझी बॅग दुसऱ्यानंच तपासली. मेजर आदल्या दिवशी गेला होता, घरीच, बसल्या जागी. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला परंदवडीला गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं त्याच्याबद्दल बोलली. मला चार शब्द बोलायला सांगितले, पण नदी, पूल, वायरलेस हे सगळं तिथे कुणाला आणि कसं सांगणार? हात जोडून खाली बसलो.

आता तिसरा भाग येतोय म्हणे. लोक विचारतात, परीक्षण कधी? बघू. त्यात वायरलेस परत आला तर ते मी कुणाला सांगायला जाऊ?

मागच्या रविवारी दुपारी मी ती छावणी लावली. मेजरनं ठेवली होती तशीच आहे. शेकोटी पेटलेली, लंबू बंदूक पुसतोय, बडबड्याचं चालूच, वायरलेस रेडिओला कान लावून बसलेला. मी बोट वर केलं. एक, दोन, तीन, आणि शेकोटीपाशी उभा असलेला मेजरचा शिपाई, चार. पडद्यावर गिनती पुरी होती.

मग सवयीनं बोट तसंच पुढे हॉलमध्ये फिरलं. आईवरून, माझ्या छातीवर टेकून, मेजरच्या खुर्चीपाशी आलं आणि तिथेच राहिलं.

एक कमी.