बिना दवाईची वांगी

इथे उत्तरेत, चारबाग स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टरमागे आम्हाला जागा मिळाली होती, पण ती निव्वळ खडी आणि विटांचे तुकडे. नवऱ्याच्या बदलीनंतरचं पहिलं अख्खं वर्ष मी ती वेचण्यात घालवलं. गवळ्याकडून शेण आणलं, लष्करी छावणीतल्या रस्त्यांवरचा पालापाचोळा पोत्यांत भरून आणला, स्वयंपाकघरातली सालं कुजवली. लोकांना वाटायचं, साहेबांच्या बाईंना काही कमी आहे का! मला कमी होती ती आमच्याकडची छोटी, काटेरी देठाची वांगी. इथे भरताची मोठी मिळतात, भरायची मिळत नाहीत. बी सांगलीहून मागवलं आणि बावीस रोपं जगवली.

त्या वर्षी नोव्हेंबरात बाबा राहायला आले. बाबांचं गावाकडे औषधांचं दुकान होतं, म्हणजे पिकांवर फवारायच्या औषधांचं. तीस वर्षं त्यांनी ते चालवलं. माझं एम.एस्सी.पर्यंतचं शिक्षण त्याच दुकानावर झालं.

आल्या आल्या त्यांनी वांग्यांचे माना टाकलेले शेंडे पाहिले. एक मोडून उभा चिरला. आत गुलाबी अळी.

"शेंडेअळी आहे. एक फवारा मार, आठ दिवसांत साफ. नाहीतर हाती काही लागणार नाही."

"नाही मारणार, बाबा. घरात खायला लावलीत."

"मग मी काय लोकांना विष विकत होतो?"

मला तसं म्हणायचं नव्हतं, पण खरं सांगायचं तर थोडं म्हणायचंही होतं. दोन दिवस बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी निंबोळीचा अर्क मारत राहिले, अळ्या शेंडे पोखरत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात मागे आवाज आला. कानटोपी घातलेले बाबा वाकून ब्लेडने सुकलेले शेंडे कापत होते. माझी लेक साबणाच्या पाण्याची बादली धरून उभी होती.

"आजोबा, इसमें भी है! हिल रहा है!"

"टाक पाण्यात," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता, "फवारायचं नसेल तर रोज कापावं लागतं. एक दिवस चुकवून चालत नाही. भोक पडलेलं फळही झाडावर ठेवायचं नाही."

मग रोज तेच. पंधरा दिवस सूर्य धड दिसला नाही, बोटं बधिर व्हायची, तरी आम्ही तिघं वाफ्यात. नऊ झाडं तरी उपटावीच लागली. उरलेल्या तेरांनी मात्र जानेवारीत फळं दिली, जांभळी, चकचकीत, मुठीत मावतील एवढी.

एका रविवारी मी शेजारच्या क्वार्टरमधल्या कुटुंबाला जेवायला बोलावलं. शेंगदाण्याचा कूट, तीळ, गूळ, गोडा मसाला भरून पातेलंभर वांगी केली. चिरताना दोन किडकी निघाली, ती बाजूला काढली. भाकऱ्या गरम गरम वाढत होते.

शेजारच्या भाभींनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "ये बैंगन निशातगंज की मंडी से लाई हैं क्या? वहाँ तो ऐसे कभी मिले नहीं."

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. त्यांची हिंदी मोडकीतोडकी, पण आवाज दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचा तसा खणखणीत.

"मेरी बेटी ने उगाया. पत्थर की जमीन में. बिना दवाई के. मैंने बोला था नहीं होगा. उसने करके दिखाया."

मी विद्यापीठात पहिली आले तेव्हाही त्यांनी पेढे वाटले होते, पण लोकांसमोर "माझं चुकलं" असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. उगाच लाजून "अहो, काय एवढं" वगैरे मी म्हटलं नाही. खुशाल ऐकून घेतलं. भाजी होतीच तशी.

"अजून वाढू, बाबा?"

"दोन वाढ," ते म्हणाले. "आणि रस्सा जरा जास्त घाल."