रुमाल टाकलेली खुर्ची

हुपरीहून कोल्हापूरला एसटीनं ये-जा करण्यात माझी सगळी नोकरी गेली. खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की जागा आपली. तो रुमाल उचलून बसणारा माणूस मी आजवर बघितलेला नाही.

परवा कोल्हापुरातल्या एका वाचनालयात सार्वजनिक कॉम्प्युटरवर बसलो होतो. गल्लीत गतिरोधक हवा म्हणून अर्ज लिहायचा होता. एका बोटानं टाइप करत दीड तासात दोन पानं झाली. मग चहाची तलफ आली, म्हणून खुर्चीवर रुमाल टाकला आणि कोपऱ्यावर जाऊन आलो.

रुमाल जागेवर होता. तिघंजण ताटकळत उभे होते, पण एकानंही खुर्चीला हात लावला नव्हता. अर्ज मात्र गायब. दीड तास माझ्याशी झुंजलेलं ते यंत्र आता मला ओळखच दाखवेना. पडद्यावर नुसतं ‘स्वागत आहे’.

काउंटरवरच्या बाईंकडं मी भांडायलाच गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की माणूस गेला असं समजून कॉम्प्युटर सगळं आपोआप पुसून टाकतो, पुढच्याला कोरा मिळावा म्हणून. तशी पाटीही लावली आहे.

“अहो, पण मी रुमाल टाकून गेलतो की,” मी आवाज चढवला. “एसटीत रुमाल टाकलेली जागा कोण घेतंय काय?”

बाईंनी मान उंच करून खुर्चीकडं बघितलं.

“न्हाय की. जागा तुमचीच हाय, पावणं,” त्या म्हणाल्या. “गाडी तेवढी गेली.”