थांबत न्हाय हां!

आधी चहाचे कप खाली ठेवा. हसता हसता सांडाल, आणि चादर मलाच धुवायला लागेल. कारण मी जी माती खाल्लीय ना… ऐकाच!

आमच्या इंद्रलोक वसाहतीत जुन्या सायकलींची फेरी निघणार होती. जुनी सायकल, जुना पेहराव. मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "मी रेसिंगचीच आणणार. वाकड्या हँडलची, अस्सल!" जशी काही मी शर्यती मारतच मोठी झाले! अहो, शेवटची सायकल चालवली ती दहावीत.

नवऱ्याला, सतीशला, घेऊन राई गावातल्या हरिश्चंद्रकाकांकडे गेले. त्यांच्याकडे तीन जुन्या सायकली होत्या. दोन काळ्या, दणकट, कॅरियरवाल्या. आणि तिसरी? निळी, सडपातळ, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल! काकांच्या थोरल्या भावाची, शर्यतीतली.

मी दांडीवर टकटक केलं, चाकाला कान लावला आणि "हं" म्हटलं. का, ते विचारू नका.

काका म्हणाले, "बाय, काली ने. ही थांबत न्हाय हां."

"अय्या, मला तशीच हवीय!"

"अगो, पाय चालूच ठेवाला लागतात. पाय थांबवलास का पडलीस."

वाह! काय विचार! मी तिथेच उभ्या उभ्या ते स्टेटसला टाकलं. खाली 'जीवन' असंही लिहिलं.

सतीश म्हणाला, "एकदा चालवून तर बघ."

"टायर जुने आहेत. आत्ताच झिजवू?"

सतीशने स्वतःसाठी एक काळी घेतली.

रविवारी सकाळी मी दोन वेण्या, लाल रिबिनी अशा थाटात निघाले. कोपऱ्यावर फोटोग्राफर दिसला. मी पेडल मारायचं थांबवून हात हलवला मात्र, पेडलने माझ्या पायाला असा दणका दिला म्हणता!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हिचं पेडल चाकाबरोबरच फिरतं! चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, आणि पेडल फिरतंय तोवर मी! ब्रेक दाबला, तर रबराचा खडूसारखा भुगा. त्यात पुढे उतार!

"क्या स्पीड है, आंटी!" रस्त्यावरची पोरं टाळ्या वाजवतायत.

मागून सतीश ओरडतोय, "अगं हळू! शर्यत नाहीये!"

"मला काय सांगतोस? हिला सांग!"

समोर भाजीवाला.

"भैया, हटो!"

"मैं हट जाऊंगा, मॅडम, ठेला कैसे हटेगा?"

मी थेट पालकाच्या ढिगात! मऊ लागला, खोटं कशाला बोलू?

सतीश धापा टाकत आला. "लागलं का गं?"

"नाही."

"मग आता तरी पाय थांबव!"

मी आडवी, आणि पाय हवेत अजून पेडल मारतायत!

संध्याकाळी ग्रुपवर त्या फोटोग्राफरने काढलेला माझा फोटो आला, फक्त कमरेच्या वरचा. डोळे मिटलेले, एक हात वर, तोंडाचा हा मोठा आ! खाली लिहिलेलं, 'इंद्रलोकचा आनंद!' सतीशने तो कौतुकाने डोंबिवलीला आपल्या आईला पाठवला. लगेच सासूबाईंचा फोन.

"किती तल्लीन होऊन गातेयस गं! काय गात होतीस?"

मी 'वाचवा, वाचवा' असं ओरडत होते, हे सांगायचं? मी म्हटलं, "भूपाळी, आई."

आता त्यांच्या महिला मंडळाने मला भूपाळी गायला बोलावलंय. आणि मी, ज्या बाईला शाळेत राष्ट्रगीतालाही मागच्या रांगेत उभं करायचे, ती मी, "येते" म्हणून बसलेय!