थांब, पेटी येऊ दे

"थांब, पेटी येऊ दे," असं म्हणून माझा मित्र गाणं ऐकताना बोट वर करायचा. मग समोरच्यानं चहाचा घोटसुद्धा गिळायचा नाही! ही आपली भजनातली पेटी नव्हे हं. गळ्यात अडकवून वाजवतात तो अकॉर्डियन. तो त्यालाही पेटीच म्हणे.

बडोद्याजवळ वाघोडियाच्या कारखान्यात आम्ही दोघं ड्राफ्ट्समन, आमचे ड्रॉइंग बोर्ड शेजारी शेजारी. मशीन बसवायला आलेल्या एका अमेरिकन साहेबानं जाताना त्याला एक कॅसेट दिली. मेक्सिकोच्या सरहद्दीकडची कंट्री गाणी, रखरखीत आणि उदास, मध्येच एखादी स्पॅनिश ओळ. दर रविवारी दुपारी फतेगंजला त्याच्या घरी आमची बैठक जमे.

त्याचं इंग्रजी चांगलं, माझं ड्रॉइंगपुरतं. त्यामुळे गाण्याची गोष्ट तो सांगणार, मी मान डोलावणार. शेवटचं गाणं दोघांचं लाडकं. "बघ ने यार, मित्रानंच दगा दिला याला. नदीपलीकडे नेऊन एकटं सोडलं." त्याचे डोळे भरायचे. माझेही. आता तुम्हीच सांगा, राजाच्या फौजेतल्या शिपायांचे आम्ही वंशज, पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात रुजलेले. आमचा त्या वाळवंटाशी काय संबंध? पण ती पेटी सुरू झाली की आपलंच कुणीतरी तिकडे राहून गेलंय असं वाटायचं.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. एकच ड्राफ्ट्समन राहणार, बाकीच्यांनी व्हीआरएस घ्यायची. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, कुणी सही करायची नाही आणि कुणी एकट्यानं मॅनेजरसाहेबाला भेटायचं नाही. रविवारी सयाजीगंजला सेव-उसळ समोर आल्यावर मी त्याला म्हटलं, "अन्नावर हात ठेवून सांग." आमच्याकडे याच्यापुढे दुसरी शपथ नाही.

त्यानं प्लेटवर हात धरला. "तुला सोडून कुठे जातो मी? वेडा आहेस का?" आणि प्लेट माझ्याकडे सरकवली. "पित्त झालंय रे, तूच खा." एरवी मागून मागून झणझणीत तर्री घेणारा हा माणूस! मी मूर्ख, दोन्ही प्लेटी चाटूनपुसून संपवल्या.

सोमवारी कळलं. ती जागा त्याला मिळाली होती. शुक्रवारीच साहेबाला भेटून सगळं पक्कं करून आला होता.

शिव्या खूप साठल्या होत्या, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "खाल्लं असतंस, तर शपथ विसरलास असं तरी समजलो असतो." तो बोर्डावरची पेन्सिल उचलून तिला टोक काढत राहिला. टोक होतंच तिला. त्यानंतर मी फतेगंजचा रस्ता सोडला.

पुढे कितीतरी वर्षांनी त्याची बायको दारात आली. "भावजी, महिना झाला त्यांना जाऊन. ही तुम्हालाच द्यायला सांगितली होती." तीच कॅसेट. वहिनींना पाणी दिलं.

माझी मुलगी आता कॉलेजात इंग्रजी शिकते. तिनं शेवटचं गाणं नीट ऐकलं. म्हणाली, "बाबा, याला कुणी दगा दिलेला नाही. यानंच मित्राला पलीकडे सोडलंय. आता अलीकडून हाका मारतोय त्याला."

म्हणजे मेल्यानं मला उलटंच सांगितलं होतं! चुकला होता, की कळूनही सांगवेना? माफ केलं असं समजू नका. राग आहे, अजून आहे. पण भांडायचं कुणाशी? न विचारता मरून गेला, हा त्याचा दुसरा दगा.

"आणि पुढे तो म्हणतो..." मुलगी गाणं पुन्हा लावून सांगू लागली. माझं बोट आपोआप वर गेलं.

"थांब," मी म्हटलं, "पेटी येऊ दे."