वीस टाकलं की गप्प बसतं

लॉन्ड्रीतल्या बायका तिला फिटरबाई म्हणायच्या. पट्टा तुटला, पंप अडला, बेअरिंग कुरकुरलं की तिच्या नावाने हाकाटी. एकटी वहिनी तिला 'अगं' म्हणायची. वहिनी म्हणजे तिच्या थोरल्या भावाची बायको आणि धुलाईच्या पाळीची मुकादम. तिने 'अगं' सोडून 'वन्सं, तुम्ही' सुरू केलं की समजावं, आज काहीतरी बिनसलंय.

लॉन्ड्री बायकांनीच मिळून काढलेली. इस्पितळाच्या चादरी धुवायच्या. पावडर किती घालायची ते पूर्वी एका म्हातारीच्या हाताला ठाऊक होतं. ती थकून घरी बसली आणि जी ती आपल्या मनाने ओतू लागली. कधी चादरी मळकट राहायच्या, कधी त्यांत साबण राहायचा आणि पेशंट अंग खाजवत बसायचे. मेट्रन येऊन चार शब्द सुनावून गेली, ते फिटरबाईच्या जिव्हारी लागलं. तिने एक टाकून दिलेला कॉम्प्युटर उघडून चालू केला आणि प्रोग्राम लिहायला शिकली. शिकवायला कुणी नव्हतं. नडलं की माणूस शिकतो, त्याला कॉलेज लागत नाही.

काळा पडदा, त्यावर पांढरा प्रश्न: वजन किती किलो? आपण आकडा टाकायचा, मग तो सांगणार इतकी मापं पावडर घाला. बस्स.

पहिल्याच दिवशी वहिनीने टाकलं, '२० किलो'. आकड्यामागे अक्षरं बघून प्रोग्रामने इंग्रजीत चार ओळी ओकल्या आणि मान टाकली. फिटरबाईने तोड काढली: आकडे सोडून जे येईल ते गाळून टाकायचं. स्वतःवर जाम खूश झाली. दुसऱ्या दिवशी वहिनीने टाकलं, '१०-१२'. आपण बोलतो तसंच की, असेल दहा-बारा किलो. प्रोग्रामने मधली रेघ गाळली, एक हजार बारा किलोचा हिशेब मांडला आणि पोतीच्या पोती पावडर मागितली. वहिनी काही दुधखुळी नव्हती, तिने ओतली नाही. तिने सगळ्यांना बोलावून पडदा दाखवला. बायका पोट धरून हसल्या. इस्त्रीवाली म्हणाली, ट्रक मागवा, आणि येताना नदीही आणा.

फिटरबाईचा पारा चढला. आता बघतेच एकेकीला, म्हणत तिने प्रोग्रामला पहारेकरी करून टाकलं. एक ते चाळीसमधला पूर्ण आकडा हवा. दुसरं काही आलं की 'चूक. पुन्हा टाका.' दहा-बारा? चूक. साडेबारा? चूक. नुसतंच एंटर दाबलं? तरी चूक. बरोबर आकडा येईपर्यंत तो हटत नव्हता.

त्यानंतर प्रोग्राम एकदाही कोलमडला नाही. चादरी मात्र होत्या तशाच. मेट्रन पुन्हा येऊन गेली, आणि बायकांचं ठरलं की शनिवारच्या बैठकीत हात वर करून निकाल लावू: कॉम्प्युटरची ही पेटी ठेवायची की भंगारात द्यायची. फिटरबाई हसण्यावारी नेल्यासारखं दाखवत होती, पण जेवणाच्या सुट्टीतही पेटीपाशीच बसून राहायची. जन्मभर तिने दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं दुरुस्त केली. हे एकच तिच्या डोक्यातून निघालेलं.

शेवटी ती वंगणाचा डबा घेऊन मशीनपाशी ठाण मांडून बसली. वहिनीने ड्रम गच्च भरला, दार लावलं आणि ओल्या हातानेच २० टाकलं. पुढच्या खेपेला ड्रम अर्धाच भरला. पुन्हा २०.

"वहिनी, हे वीस किलो आहे?"

"नाही."

"मग वीस का टाकलंस?"

"वीस टाकलं की ते गप्प बसतं." वहिनीने हात पदराला पुसले. "घरी तुमच्या आईचं 'चूक, पुन्हा कर' ऐकतच संसार झाला, वन्सं. आता इथे डबड्याचंही ऐकू?"

मग वजनकाटा काय शोभेला ठेवलाय, हे फिटरबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने मान वर केली आणि तो काटा कुठे आहे ते तिला दिसलं. पार पलीकडच्या खोलीत, कपडे निवडतात तिथे, दाराआड. प्रत्येक गाठोडं तिथवर न्यायचं, तोलायचं, परत आणायचं, मग आकडा टाकायचा. कोण करणार? तिने स्वतः केलं असतं का? खुर्चीत बसून फर्मान काढणाऱ्यांशी ती आयुष्यभर भांडत आली, आणि तिने वेगळं काय केलं होतं? तिने डबा खाली ठेवला.

"काट्याचं जाऊ दे. तू पावडर घालताना बघतेस काय?"

वहिनीने मशीनच्या काचेवर टिचकी मारली. "हे. अर्धा आहे, पाऊण आहे की गच्च आहे. आणखी काय बघायचं असतं?"

शनिवारच्या बैठकीत सगळ्या पेटीभोवती उभ्या राहिल्या. पडद्यावर वजनाचा प्रश्नच नव्हता. ड्रम किती भरला? अर्धा असेल तर १, पाऊण २, गच्च ३. वहिनीने काचेतून पाहिलं आणि मुद्दाम ९ दाबलं. बायका पुढे सरकल्या.

'९ कळलं नाही. अर्धा १, पाऊण २, गच्च ३. सावकाश बघून सांग.'

"सासूबाई सुधारल्या म्हणायच्या," इस्त्रीवाली म्हणाली, आणि हसण्यात पहिला आवाज फिटरबाईचाच होता.

वहिनीने ३ दाबलं, सांगितली तेवढी पावडर घातली आणि मशीन सुरू केलं. फेस काचेच्या मध्यापर्यंत चढला आणि तिथेच थांबला. चादरी निघाल्यावर एकीने ओली चादर गालाला लावून पाहिली. बुळबुळीत लागत नव्हती. हात वर करायचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. जिची पाळी होती तिने पुढचं गाठोडं उचललं.

वहिनी मात्र अजून पडद्याकडे बघत होती. "अगं, पाऊणच्या वर आहे आणि गच्चही नाही, असं असलं तर?"

"तर तू ठरव," फिटरबाई म्हणाली.